जिन्याखालची सायकल

वरळीला हिंद सायकल मार्ग नावाचा रस्ता आहे. एखाद्या जुन्या दुकानावरून हे नाव पडले असेल असे वाटते, पण इथे कारखाना होता. हिंद सायकल्स लिमिटेड ही कंपनी दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९च्या सुमारास मुंबईत सुरू झाली. तोवर हिंदुस्थानात सायकल म्हणजे बर्मिंगहॅम नाहीतर नॉटिंगहॅमहून बोटीने आलेली वस्तू. ती अख्खी इथेच बनवू पाहणाऱ्या पहिल्या मोजक्या कंपन्यांत हिंदचे नाव येते. पुढे कंपनी आजारी पडली. १९८० साली संसदेने खास कायदा करून आसनसोलच्या सेन-रॅलेबरोबर तिचेही राष्ट्रीयीकरण केले आणि वरळीच्या कारखान्यावर नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया अशी पाटी लागली. ती पाटीही टिकली नाही. गिरण्यांच्या संपावर कादंबऱ्या झाल्या, नाटके झाली, सिनेमे निघाले. सायकलच्या कारखान्यासाठी कुणी हळहळल्याचे फारसे दिसत नाही. आणि ज्या वरळीत सायकली बनत, तिथल्या सागरी सेतूवर आज सायकलला मज्जाव आहे!

कारखाना गेला तरी सायकली गेल्या नाहीत. परळ, नायगाव, लालबाग, गिरगाव इथल्या चाळींना पुनर्विकासाची नोटीस लागली की सामान हलू लागते. देव, टीव्ही, गाद्या, पाण्याची पिंपे जातात आणि सगळ्यात शेवटी जिन्याखालची सायकल राहते. मुंबईच्या बीडीडी चाळींच्या मूळच्या २०७ इमारती. खोली १६० चौरस फुटांची. अशा घरात सायकलीला जागा कुठून मिळणार? ती जिन्याखाली राहायची. मालक निवृत्त होऊन गावी गेला, मुलांनी मोटारसायकल घेतली, सायकल होती तिथेच राहिली. वर कुणी पताका ठेवल्या, कुणी गणपतीच्या मखराचा सांगाडा टेकवला. गिरणीकामगार बहुधा पायीच कामावर जाई, चाळ आणि गिरणी यांत अंतर ते किती! सायकल असे ती पोस्टमनची, पेपरवाल्याची, डबेवाल्याची, दुधाचा रतीब घालणाऱ्याची, किंवा फोर्टात नोकरीला जाणाऱ्या एखाद्या कारकुनाची. त्यामुळे चाळीतल्या बहुतेक सायकली कामाच्या आहेत, हौसेच्या नाहीत. मागे जाड कॅरियर, दुहेरी दांडी, भक्कम स्टँड.

अशी सायकल साधारण वीस किलोची असते आणि भंगारवाला ती लोखंडाच्या भावाने नेतो. ती वाचवणे वाटते तितके कठीण नाही. हे यंत्र मुळातच उघडून दुरुस्त करता यावे म्हणून बनवलेले आहे, आणि त्याचे बहुतेक सुटे भाग आजही या शहरात मिळतात. खरी परीक्षा हात आवरण्याची आहे. न चालवल्यामुळे जेवढ्या सायकली वाया गेल्या, तेवढ्याच अति-दुरुस्तीने गेल्या असे माझे मत आहे.

पण पान्याला हात लावण्याआधी मालकी. बेवारस दिसणारी सायकल बेवारस असतेच असे नाही. चाळीत विचारा, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सांगतील की ती अण्णांची, आणि अण्णांची मुलगी डोंबिवलीला असते. तिला फोन करा. चार शब्द लिहून घ्या. सोसायटीच्या फळ्यावर आठवडाभर सूचना लावायलाही हरकत नसते. चोरीच्या सायकलीचा संशय पुढे तुमच्यावर यायला नको, हा एक भाग झाला. दुसरा असा की मालकाच्या घरी कधीकधी घंटी, दिवा, चावी किंवा खरेदीची पावती निघते, आणि असल्या वस्तू पैसे टाकूनही बाजारात मिळत नाहीत.

मग ओळख पटवायची. हँडलखालच्या उभ्या नळीवरचा पितळी बिल्ला आधी पाहा. काळवंडला असेल तर कापडाने हलकेच पुसा, खरवडू नका. बगळ्यासारख्या पक्ष्याचे डोके असेल तर रॅले. एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका असतील तर बीएसए. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही मुळात बंदुका बनवणारी कंपनी, म्हणून हे चिन्ह. बिल्ला कुणी उचकटला असेल तर पायडलजवळची मोठी दातेरी चक्री बघा. इंग्रज कारखानदार या चक्रीच्या पोटात आपली खूण कापून काढत. रॅलेच्या चक्रीत त्याच पक्ष्याची डोकी, हंबरच्या चक्रीत गोलाने पळणारी पाच माणसे, रज-व्हिटवर्थच्या चक्रीत हाताचा पंजा, बीएसएच्या चक्रीत सरळ तिची आद्याक्षरे. हंबरची आणखी एक खूण म्हणजे पुढचा चिमटा. त्याच्या प्रत्येक पायाला एकाऐवजी दोन बारीक नळ्या असत. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि यातली काही नावे देशी झाली. सेन-रॅलेचा कारखाना आसनसोलजवळ निघाला, तर मद्रासला १९४९ साली टीआय सायकल्स स्थापन होऊन तिथून हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए येऊ लागल्या. म्हणून बिल्ल्यावर इंग्रजी नाव दिसले की लगेच ‘विलायती’ म्हणून हुरळून जाऊ नये. बिल्ल्यावर गावाचे नाव असते, ते वाचावे. आणि देशी निघाली म्हणून नाक मुरडण्याचेही कारण नाही. वरळीत बनलेली हिंद मुंबईत सापडली तर मी तिला नॉटिंगहॅमच्या रॅलेपेक्षा वरचा मान देईन.

वय काढायचे तर मागच्या चाकाचा मधला गोळा, म्हणजे हब, तपासा. त्यावर स्टर्मी-आर्चर असे नाव असेल तर तुम्ही नशीबवान आहात. आतल्या आत तीन गिअर बदलणारा हा हब रॅलेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आणला आणि त्यावर बनावटीचे साल ठोकायची पद्धत ठेवली. १९५०च्या दशकातल्या हबवर महिनासुद्धा सापडतो. अर्थात हब नंतर बदललेला असू शकतो. आणखी एक बारकी तपासणी म्हणजे तारा मोजा. इंग्रजी पद्धतीच्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, आणि आपल्याकडे हीच चाल पडली. दोन्ही चाकांत ३६-३६ निघाल्या तर चाके मूळची नाहीत असे समजावे.

या सायकलीचा आराखडा किती जुना आहे हे लक्षात घेतले म्हणजे तिचे सुटे भाग अजून का मिळतात ते कळते. जॉन केम्प स्टार्ली याची रोव्हर सायकल १८८५ची, डनलॉपचे हवेचे टायर १८८८चे. विसावे शतक उजाडले तेव्हा दोन सारखी चाके, मध्ये चौकट, मागच्या चाकाला चेन, सळईचे ब्रेक असे रूप जवळपास पक्के झाले होते. इंग्लंडने पुढे ते सोडले, आपण सोडले नाही. काळी, दांडीची, २८ बाय दीड इंच टायरची सायकल लुधियाना आणि मद्रासच्या कारखान्यांतून पुढे कित्येक दशके येत राहिली. त्यामुळे १९४०च्या सायकलीला आजचे टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, चेन, छर्रे बसतात. इतक्या जुन्या मोटारीचा किंवा रेडिओचा मालक असे सुख स्वप्नातसुद्धा बघत नाही. उलटही खरे आहे. बीएसएने पायडलच्या आसासाठी जे आटे ठरवले, एका इंचात २४, ते आजही जगभर सर्वांत प्रचलित आहेत. अपवाद रॅलेचा. तिने आपले आटे इंचाला २६ असे वेगळे ठेवले. रॅलेच्या नळीत दुसऱ्या कंपनीचा छऱ्यांचा कप जबरदस्तीने फिरवला तर आटे मरतात आणि मग चौकटच निकामी होते. मूळचे कप सांभाळून ठेवा.

या यंत्राच्या मजबुतीचा पुरावा मुंबईनेच दिलेला आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा या तिघांनी ती पुरी केली आणि १८ मार्च १९२८ रोजी सुमारे ७१,००० किलोमीटर कापून ते परत आले. वाटेत वाळवंटे होती, जंगले होती, मदतीला मागून येणारी गाडी नव्हती. दुरुस्ती करायची ती हातातल्या हत्यारांनी. आपल्या हाताशी तर सायकलींच्या दुकानांची अख्खी काळबादेवी आहे.

आता चौकटीकडे वळू. समुद्राच्या हवेतले मीठ आणि वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस यामुळे मुंबईतला गंज पुण्यातल्या गंजापेक्षा खोल असतो. वरवरचा तांबूस थर भीती घालतो, पण बहुधा निरुपद्रवी असतो. भीती वाटायला हवी ती आतल्या गंजाची. सायकल उलटी करून पायडलच्या आसाची आडवी नळी बघा. चौकटीत शिरलेले पाणी उतरून इथेच साचते. चिमट्याचा माथा बघा. मडगार्डच्या बोल्टाखाली बघा. बोटाच्या नखाने दाबून पत्रा कुरकुरला किंवा पापुद्रा सुटला तर ती चौकट रस्त्यावर आणू नये. तिचे भाग काढून दुसरीला लावा. चौकट सरळ आहे का हे पाहायला महागडे यंत्र लागत नाही. हँडलच्या नळीला दोरा बांधून तो मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ताणायचा आणि सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडची अंतरे मोजायची. ती सारखी आली म्हणजे झाले. थोडा फरक असेल तर जुना कारागीर चौकट पायाने दाबून सरळ करतो. पाहताना छाती धडधडते, पण जुन्या पोलादाला ते सोसते. चिमट्याच्या उभ्या दांड्याला तडा असेल तर मात्र वेल्डिंग नको, चिमटाच बदला. चालत्या सायकलीचा चिमटा तुटणे म्हणजे तोंडावर पडणे.

खोलायला सुरुवात केली की पहिली लढाई कॉटर पिनशी. क्रँक आसावर धरून ठेवणारी ही पाचरीसारखी पिन वर्षानुवर्षांच्या गंजाने लोखंडाशी लोखंड एकजीव होऊन बसलेली असते. नवखा माणूस नट काढतो आणि पिनच्या टोकावर हातोडी हाणतो. टोक चपटे होते, पिन आतच राहते. आधी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पातळ तेल सोडत राहावे. मग नट पूर्ण न काढता टोकाच्या पातळीपर्यंत सैल करावा, म्हणजे आटे वाचतात. क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा जमिनीपर्यंत टेकू म्हणून उभा करावा, म्हणजे घाव आतल्या छऱ्यांवर जात नाही. आणि मग एकच, पण पुरेसा घाव. भित्र्या हाताने मारलेले वीस टोले पिन फक्त वाकवतात. नवी पिन बसवताना ती बऱ्याचदा उन्नीस-बीस निघते. कानशीने चपटी बाजू थोडी थोडी घासत ती बसवायची, आणि दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने तोंड करून असतील हे बघायचे. नाहीतर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत आणि चालवणारा लंगडतो. डाव्या पायडलला उलटे आटे असतात हेही इथेच सांगून ठेवतो. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की सुटते.

सुटे केलेले भाग रॉकेलमध्ये भिजवायची जुनी पद्धत. रॉकेल आता मुंबईत सहज मिळत नाही, डिझेल चालते. छर्रे मोजून ठेवा पण परत वापरू नका, ते स्वस्त असतात. कप आणि कोन मात्र बोट फिरवून पाहावेत. खड्डे पडलेले नसतील तर त्यांना आणखी पन्नास वर्षे आयुष्य आहे. नवे ग्रीस भरून कोन इतपतच आवळावा की चाक हलवल्यावर अगदी किंचित खेळ जाणवेल. स्टर्मी-आर्चर हबला मात्र ग्रीस भरू नये. आत दातेरी चक्रांची ग्रहमाला असते. मधला गिअर सरळ, खालचा चाकाचा वेग पाव हिश्शाने कमी करणारा, वरचा तृतीयांशाने वाढवणारा. हबला तेल सोडायला छोटे झाकण दिलेले असते. बंद पडलेल्या हबात बऱ्याचदा फक्त गोठलेले तेल असते. पातळ तेल सोडून एक दिवस थांबले तर तो पुन्हा टकटक करू लागतो. तसे झाले तर उघडण्याचा मोह टाळावा. चेन मात्र मोजून बघा. २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. त्या सव्वाबारा इंचांकडे सरकल्या असतील तर चेन ताणलेली आहे आणि ती दाते खाणार.

क्रोमच्या भागांवरचा गंज ऑक्झॅलिक ॲसिडने निघतो. फरशी आणि संगमरवर घासणारे जी पांढरी पूड वापरतात तीच ही. लिटरभर पाण्यात तीन-चार चमचे टाकून भाग रात्रभर बुडवून ठेवले की गंज विरघळून पाण्याला पिवळट-हिरवा रंग येतो आणि खालचा क्रोम जसा असेल तसा उघडा पडतो. नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून, लगेच तेलाचा हात फिरवायचा. हे विष आहे. हातमोजे हवेत, लहान मुलांपासून दूर हवे आणि स्वयंपाकाचे भांडे मुळीच नको. बाजारात मिळणारे जळजळीत हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरू नका. ते गंजाबरोबर लोखंडही खाते आणि उरलेल्या क्रोमचे पापुद्रे काढते.

चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणे हे काम मी कारागिरावर सोडा असे सांगेन. काळबादेवी रस्त्यावर सायकलींच्या दुकानांची रांगच आहे, तिथे आणि दादर-परळच्या गल्ल्यांत अजून काही हात शिल्लक आहेत. कारागीर चाक चिमट्यात फिरवून, खडू धरून, एकेका तारेला पाव आटा देत जातो. “काका, हिचं ओव्हरऑयलिंग करायचंय” म्हटले की तो सगळेच खोलून नवे टाकायला निघेल, कारण रोजचे गिऱ्हाईक तेच मागते. तेव्हा त्याला आधीच सांगावे, “जुनं टाकू नका, काढलेला प्रत्येक नट मला परत द्या.” छर्रे, बेअरिंगे, पाने, कानशी यांसाठी नागदेवी स्ट्रीट आहे. दिवा, डायनामो, घंटी असल्या विस्मृतीत गेलेल्या वस्तूंसाठी चोर बाजारात मटण स्ट्रीटवर फिरावे लागते. तिथे भाव निम्म्यावरून सुरू करावा आणि दुकानदार नाराज झाला तर चहा मागवावा. रिकाम्या हाताने परत आलात तरी पुढच्या वेळी तो वस्तू बाजूला काढून ठेवतो.

आता रंग. इथे माझे पुष्कळांशी पटत नाही. सायकल सापडली की चाळीतला उत्साही पुतण्या सँडपेपर आणि काळ्या रंगाचा स्प्रे घेऊन येतो. तासाभरात सायकल चकचकीत होते आणि तिचे सगळे पुरावे जातात. हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा, कंपनीचे चित्र, दांडीवर मालकाने पेंटरकडून लिहून घेतलेले नाव. कारखान्यात भट्टीत भाजून चढवलेला तो काळा रंग पुन्हा आणता येत नाही. त्याऐवजी सौम्य साबणाने धुवा, मऊ कापडाने तेल आणि मेण लावा, उघड्या लोखंडावर तेवढा पातळ थर द्या. कातडी सीट असेल तर तिला तेलात बुडवू नका, ती लोळागोळा होते. बुरशी कोरड्या ब्रशने झाडा, मेण चोळा आणि सीटच्या नाकाखालचा नट अर्धा फेरा आवळा. कातडे फाटले असेल तर मोची तोच सांगाडा वापरून ओले कातडे ताणून नवे खिळे ठोकून देतो.

रंग राखून ठेवलेल्या सायकली बघायच्या तर पुण्याला कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांनी उभारलेले सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसएने बनवलेली घडीची सायकलही तिथे दिसते. दिवे, पंप, कुलपे, जुन्या जाहिराती यांचा तिथला भरणा तर सायकलींइतकाच पाहण्यासारखा आहे. मुंबईत असे काही नाही, आणि ज्या शहरात हिंद सायकल बनत होती तिथे ते नसावे हे मला खटकते.

दुरुस्त झालेली सायकल भिंतीला टांगू नये. रविवारी पहाटे लालबागहून भायखळ्यामार्गे गिरगाव चौपाटीपर्यंत ती सहज जाते. एवढे लक्षात ठेवा की सळईचे ब्रेक रिंगच्या आतल्या कडेवर दाबतात आणि पोलादी रिंग ओली झाली की ते निम्मेसुद्धा धरत नाहीत. पावसात म्हणूनच उतारावर आधीपासून वेग कमी ठेवावा, आणि जेजे उड्डाणपुलाच्या वाटेला तर जाऊच नये. दिवा लावा. एके काळी बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलीस अडवत असत. आज अडवत नाहीत, पण मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याला तुम्ही दिसायला हवेच.

तुमच्या चाळीला नोटीस लागली असेल, किंवा दिवाळीच्या सफाईत सोसायटी जिन्याखालची जागा मोकळी करणार असेल, तर भंगारवाल्याला फोन जाण्याआधी एक ओला फडका घेऊन खाली उतरा आणि हँडलखालचा बिल्ला पुसून वाचा. त्यावर काय आहे ते शेजाऱ्यांना सांगा. तुम्हाला ती नको असेल तर हवी असणारा माणूस त्याच वाडीत सापडेल.